मुलगी परत आली, पण घरात रुळेना

सप्रेम नमस्कार,

दहावीनंतर आपली मुलगी रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून दहा महिने जर्मनीत, तिथल्या कुटुंबांत राहून नाशिकला परतली. आता अकरावी सायन्सला आहे, पण क्लासला टाळाटाळ करते, खोलीचं दार लावून बसते, विचारलं तर तुटक बोलते. जेईईचा क्लास लावू की नीटचा, असं आपण विचारलंय. पण त्याच पत्रात ‘एक वर्ष वाया गेलंच आहे’ हे तीनदा आलंय. पत्रात तीनदा, तर जेवणाच्या ताटावर किती वेळा? मला काळजी वाटते ती याची.

क्लासचं सांगायचं तर जेईई, नीट, सीईटी, सगळ्यालाच अजून दीड वर्ष तरी आहे. महिनाभर क्लासचा विषयच काढू नका.

‘स्वतःच्याच घरी आली, त्यात रुळायचं काय?’ हे आपलं वाक्य. खरा गैरसमज इथे आहे. परदेशी गेलेल्या माणसाचं मन आधी हरखतं, मग खचतं, मग सावरतं, हे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांबद्दल 1955 मध्ये मांडलं. गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने 1963 मध्ये त्यात भर घातली, की मायदेशी परतल्यावर हेच चक्र पुन्हा फिरतं. जाताना बॅगेपासून भाषेपर्यंत सगळ्यांनी तिची तयारी करून घेतली. येताना कुणी घेतली? तिकडचं घर, मैत्रिणी, रोजची भाषा एका दिवसात सुटली, आणि त्याचं वाईट वाटतंय म्हणायचीही तिला चोरी. कारण लगेच ऐकू येतं, ‘आमच्या मॅडम आता फॉरेनच्या!’ आत्याबाईंचे हे टोमणे आपण थांबवायचे, तिने सोसायचे नाहीत.

तिथे ती सायकलने शाळेत जायची, वेळापत्रक बघून एकटी रेल्वेने फिरायची. इथे आपण तिला गाडीने क्लासच्या दारात सोडता आणि सुटेपर्यंत खाली थांबता. आपण हे कौतुकाने लिहिलंय, पण वाचताना मला गुदमरल्यासारखं झालं. उद्यापासून तिला बसने एकटी जाऊ द्या. रविवारी तिकडच्या कुटुंबाशी निवांत फोनवर बोलू द्या. जर्मन सुटू देऊ नका, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात पुढच्या पातळीची परीक्षा देता येते. आणि रोटरी क्लबला विचारा, पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांच्या तयारीत तिची मदत त्यांना नक्की हवी असेल.

झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल किंवा ती जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर मात्र थांबू नका, समुपदेशकाकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.

सायन्स तिने निवडलं की आपण, हे पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.