आयईएल्टीएसचं लिसनिंग : आधी कान तयार कर

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंगची, म्हणजे ऐकण्याच्या पेपरची, तयारी कशी करायची, हा तुझा प्रश्न वाचला. मीही दारव्ह्याकडच्या खेड्यातला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. त्यामुळे ‘इंग्रजी सिनेमे पाहा’ असं मी तुला सांगणार नाही. त्यानं करमणूक होते, कान तयार होत नाही.

पेपरात चार भाग, 40 प्रश्न, साधारण 30 मिनिटं. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. हे ‘एकदाच’ अंगवळणी पाडायचं आहे, म्हणून सराव चाचणी सोडवताना मागे नेऊन ऐकायचं नाही. उत्तरं तपासल्यावर मात्र जिथं चुकलं ते अर्धं मिनिट दहा वेळा ऐक, शब्द न् शब्द वहीत उतरव आणि छापील संहितेशी ताडून पाहा. माझी खरी प्रगती या उतरवण्यानंच झाली. कंटाळवाणं आहे, पण कर.

पहिल्या भागात नावं, फोन नंबर, तारखा येतात. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी, ‘थर्टी’मध्ये सुरुवातीला. फोन नंबर सांगताना शून्याला ‘ओ’ म्हणतात, 55 ला ‘डबल फाइव्ह’. माणूस आधी मंगळवार म्हणतो, मग ‘नाही, गुरुवार’ म्हणून बदलतो. घाईत पहिलंच लिहिलं की गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी तेच.

रेंज असेल तेव्हा बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ डाउनलोड करून ठेव. वावरात ओलिताला जाशील तेव्हा ऐक. ऑस्ट्रेलियन उच्चारांचंही काहीतरी सोबत असू दे, पेपरात ते येतात.

पहिला महिना गुण मोजू नकोस बाबू. अडलं तर विचार, मी आहे.