नारिंगी टोपणाची सिरिंज

प्रश्न : मॅडम, मी नाशिकलाच एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओपीडीत मधुमेहाच्या पेशंटना आहार, इन्सुलिन सगळं समजावते. ‘समजलं ना?’ विचारलं की माना हलतात. महिन्याने येतात तेव्हा साखर जिथल्या तिथे. माझं कुठे चुकतं?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : अगं, ‘समजलं ना?’ हे विचारणंच आधी सोड. डॉक्टरला तोंडावर ‘नाही’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका माझ्याकडे यायचे. इन्सुलिन २० युनिट लिहून दिलेलं, पण साखर ३००च्या खाली येईना. मी २०चे २४ केले, २४चे २८ केले, वर ‘चोरून गोड खाता’ म्हणून चारचौघांत झापलं. शेवटी एकदा म्हटलं, ‘काका, घरी भरता तसं माझ्यासमोर भरा बरं.’ त्यांनी पिशवीतून सिरिंज काढली. टोपण नारिंगी, म्हणजे १००ची, एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची. बाटली मात्र ४०ची, म्हणजे मिलीला ४० युनिटची; तिला लाल टोपणाची लागते. लाल संपली म्हणून दुकानदाराने ‘हीच चालेल’ म्हणत दिलेली. नारिंगीवरची २०ची रेघ म्हणजे ०.२ मिली, ४०च्या बाटलीतून तेवढ्यात जेमतेम ८ युनिट येतात. काका रेघ अगदी काटेकोर पाळत होते, बिचारे! सिरिंज बदलली आणि डोस लगेच २०वर आणला. नव्या सिरिंजने खरे २८ गेले असते, तर साखर धाडकन उतरली असती. (१००ची बाटली आणि लाल सिरिंज ही उलटी गफलत तर अडीचपट डोस देते.)

तुमच्या २०१९च्या अभ्यासक्रमात एटकॉम (वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा भाग) आलं, चांगलंच झालं. पण तिथे पेशंटचं सोंग घेते तुझीच मैत्रीण, आणि तिला ‘हायपो’ (साखर फार उतरणं) आधीच पाठ असतो. त्यापेक्षा सातपूरला रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला विचार, तुमचं ‘रात्रीचं जेवण’ किती वाजता? डब्याआधी इन्सुलिन कुठे बसून घेता?

एका भेटीत एकच गोष्ट सांग. मग म्हण, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल?’ चूक तुझी धरली की पेशंट मोकळा बोलतो.

आणि तो सिरिंज भरत असताना मध्ये बोलू नकोस. मला तरी तेच सगळ्यात जड गेलं.