एच-४ वरची लेक २१ ची होते तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही आणि लेक एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, घर अमेरिकेत न्यू जर्सीत. ईबी-२ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गातून आय-१४०, म्हणजे कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर; प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, मार्च २०१५. लेक पुण्याहून आली तेव्हा चार वर्षांची होती, जन्म १२ ऑगस्ट २००८. ग्रीन कार्डाआधी ती २१ ची झाली तर तिला परत पाठवावं लागेल का?

परत पाठवावं लागेलच असं नाही. पण आपोआप काही होणार नाही, आणि तयारीला आत्ताच लागायला हवं.

इथे दोन घड्याळं आहेत. पहिलं एच-४ चं. ते २१ व्या वाढदिवसाला थांबतं, त्यात एका दिवसाचीही सूट नाही. दुसरं ग्रीन कार्डाच्या रांगेतलं वय. ते २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टप्रमाणे, म्हणजे आपण सगळे सीएसपीए म्हणतो त्याप्रमाणे, वेगळं मोजतात. तुमची तारीख ज्या दिवशी करंट होते, म्हणजे रांगेत तुमचा नंबर लागतो, त्या दिवशीचं मुलीचं वय घ्यायचं आणि त्यातून आय-१४० जितके दिवस निकालाविना पडून होता तितके दिवस वजा करायचे. उत्तर २१ च्या आत आलं, मुलगी अविवाहित असली आणि करंट झाल्यापासून वर्षभरात तिचा अर्ज गेला, तर ती तुमच्याबरोबरच.

आय-१४० च्या मंजुरीची आय-७९७ नोटीस काढा. वरच्या चौकटीत रिसीव्ड डेट आणि नोटीस डेट अशा दोन तारखा दिसतील. समजा दोन्हींत २१० दिवसांचं अंतर आहे. तुमची लेक १२ ऑगस्ट २०२९ ला २१ ची होईल. त्यात २१० दिवस मिळवले की १० मार्च २०३० येतं. रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या दरमहाच्या व्हिसा बुलेटिनमधली तारीख महिन्याच्या एक तारखेपासून लागू होते, म्हणून तुमची तारीख ज्यात यायलाच हवी असं शेवटचं बुलेटिन मार्च २०३० चं. आणि जर त्या वेळी प्रीमियम प्रोसेसिंगनं, म्हणजे जास्त फी भरून, आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला असेल, तर वजा करायला तेवढेच पंधरा दिवस, आणि शेवटचं बुलेटिन ऑगस्ट २०२९ चं. घाईनं घेतलेली मंजुरी मुलांना अशी महाग पडते, हे वकील सहसा आपण होऊन सांगत नाहीत.

आता बुलेटिनमधला कोणता तक्ता धरायचा, हेही बदललंय. फेब्रुवारी २०२३ पासून यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज बघणारं सरकारी खातं, हे वय काढायला डेट्स फॉर फायलिंगचा (अर्ज कधी भरता येईल त्या तारखांचा) तक्ता धरत होतं. तो पुढे असतो, त्यामुळे बऱ्याच मुलांना काही महिन्यांचा श्वास मिळाला होता. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना मात्र फायनल अ‍ॅक्शन डेट्सचाच (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष कधी मिळू शकेल त्या तारखांचाच) तक्ता लागतो. जुन्या चर्चा वाचून हिशोब केला असेल तर तो पुसून नव्यानं करा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताची ईबी-२ ची फायनल अ‍ॅक्शन डेट १ एप्रिल २०१३ होती, तुमची त्याच्या जवळजवळ दोन वर्षं पुढे. चार-साडेचार वर्षांत दोन वर्षं सरकेल असं वाटतं, पण सप्टेंबर २०२२ ला हीच तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती आणि पुढच्याच महिन्यात एप्रिल २०१२ वर मागे गेली. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाला त्यातली ७ टक्के, हे गणित १९९० च्या कायद्यापासून तसंच आहे. त्यात बायको-मुलांचीही गणती होते. म्हणून तारखेच्या भरवशावर मुलीचं आयुष्य ठेवू नका.

तुमच्या हातात असलेलं एक काम म्हणजे ईबी-३ या त्याखालच्या वर्गात दुसरा आय-१४० टाकणं. कंपनी तीच असेल तर बहुधा त्याच लेबर सर्टिफिकेटवर (कंपनीनं कामगार खात्याकडून घेतलेल्या मंजुरीवर) जमतं, प्रायोरिटी डेट टिकते आणि ईबी-२ चा अर्जही शाबूत राहतो. ऑक्टोबर २०२५ ला ईबी-३ ची तारीख ऑगस्ट २०१३ होती, म्हणजे थोडी पुढेच. तो प्रीमियमनं टाकू नका. ईबी-३ मधून अर्ज गेला तर वजा होणारे दिवस त्याच आय-१४० चे धरतात. तो जितका रेंगाळेल तितकं मुलीचं हिशोबातलं वय कमी.

दुसरं काम एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा. बहुधा कॉलेजच्या चौथ्या वर्षाच्या तोंडावर ती २१ ची होईल. वाढदिवसाच्या निदान आठ-नऊ महिने आधी आय-५३९ हा फॉर्म भरून स्टेटस बदलायला घ्या. एफ-१ वर गेली म्हणून तुमच्या रांगेतून ती बाहेर पडत नाही. सीएसपीए वय २१ च्या आत असताना तारीख आली तर एफ-१ वरूनही आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा तिचा स्वतःचा अर्ज, भरता येतो. आमच्या थोरल्यानं एफ-१ घेतला तेव्हा चार जणांनी आम्हाला याच्या उलट सांगून घाबरवलं होतं. मात्र एफ-१ ला परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो, तेव्हा व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी मुंबईला जाण्याआधी वकिलाशी बोला. फीचंही बघा: काही राज्यांत एच-४ वरच्या मुलांना स्थानिक विद्यार्थ्यांची फी लागते आणि एफ-१ होताच परदेशी विद्यार्थ्याची. फेडरल मदत दोन्हीकडे नाही.

सीएसपीए हातचं गेलंच, तर पदवीनंतर बारा महिने ओपीटी (एफ-१ वरच नोकरी करायची मुभा), स्टेम विषय (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर आणखी चोवीस, आणि त्या काळात एच-१बी ची लॉटरी. म्हणजे बापानं काढलेली वाट तिला पहिल्यापासून, रांगेच्या शेवटी उभं राहून. पुढे तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तुम्ही तिच्यासाठी अर्ज करू शकता, पण त्या एफ२बी (ग्रीन कार्डवाल्यांच्या २१ वरच्या अविवाहित मुलांच्या) रांगेतही आठ-नऊ वर्षं जातात.

डाका लागू होईल का असं बरेच पालक विचारतात. नाही. २०१२ ची ती योजना कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी होती, आपली मुलं कायदेशीर आहेत म्हणूनच त्यात बसत नाहीत. दहा वर्षं कायदेशीर राहून इथली पदवी घेतलेल्या अशा मुलांना ग्रीन कार्ड द्यावं, असं अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट म्हणतो. २०२१ मध्ये डेबोरा रॉस यांनी तो हाउसमध्ये मांडला, सेनेटमध्ये अ‍ॅलेक्स पॅडिला आणि रँड पॉल असे दोन्ही पक्षांचे लोक त्यामागे होते, तरी पुढे सरकला नाही. इम्प्रूव्ह द ड्रीम ही याच मुलांनी उभी केलेली संघटना. लेकीला तिची माहिती जरूर द्या. आपल्यासारखी बाकीची मुलं भेटली की तिला धीर येईल.

आणि लेकीला हे सगळं सांगा. सतराव्या वर्षी तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर काम करतात, हिला एच-४ वर कामाची परवानगी नाही म्हणून घरी बसावं लागतं. मुलांना हे कळतं, ती फक्त विचारत नाहीत. कित्येक घरांत धाकटं भावंड इथं जन्मलेलं, म्हणजे नागरिक, आणि थोरली मात्र व्हिसावर. हे तिला कॉलेजच्या फॉर्मवरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळावं. विषय निवडताना स्टेमचे ते चोवीस महिने तिला माहीत असले पाहिजेत. कॅनडाचाही विचार करून ठेवा. तिथे अवलंबून असलेल्या मुलांची मर्यादा २२ च्या आत आहे, आणि वय अर्ज पोचल्याच्या दिवशीचं धरतात.

आय-७९७ वरच्या त्या दोन तारखा कळवा. प्रीमियम होता की साधा, आणि कंपनी बदलली का, तेही लिहा. शेवटचं बुलेटिन कोणतं ते मी काढून देते.