पतीच्या व्हिसावर लंडनला येताना

पतीच्या नोकरीच्या व्हिसावर, मुलीला घेऊन लंडनला येण्यापूर्वी तुम्ही विचारले आहे की येथे वर्णद्वेष कितपत जाणवतो आणि अडचणीच्या वेळी बाईने कोणाकडे जावे. शुल्क आणि अर्जांविषयी सरकारी संकेतस्थळावर सारे काही आहे, म्हणून ते सोडून देते.

पश्चिम लंडनमध्ये ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांनी १९७९ साली उभी केली. बाहेरच्या वर्णद्वेषाविरुद्ध लढताना घरातल्या मारहाणीविषयी गप्प बसावे, ही समाजातल्या पुढाऱ्यांची अपेक्षा त्यांनी मानली नाही. वर्षानुवर्षे छळ सोसून अखेर पतीला पेटवून देणाऱ्या किरणजीत अहलुवालिया यांना १९८९ मध्ये जन्मठेप झाली होती. त्यांच्यासाठी या स्त्रियांनी मोहीम चालवली आणि १९९२ मध्ये अपिलानंतर त्यांची सुटका झाली.

हे सारे मला उशिरा कळले. माझ्या मुलीला शाळेत रंगावरून चिडवले गेले, शाळेने ‘मुलांची आपापसांतली कुरबुर’ अशी नोंद करून प्रकरण मिटवले, आणि मी तीन पत्रे लिहूनही ती नोंद बदलली नाही, याची चीड अजून गेलेली नाही. तेव्हा एका मैत्रिणीने या संस्थेचे नाव सुचवले, तर मी मुलीसमोर म्हणाले, “पण आपण कुठे काळ्या आहोत?” ‘ब्लॅक’ ही वर्णद्वेष सोसणाऱ्या सर्वांनी मिळून स्वीकारलेली राजकीय ओळख होती, हे मला ठाऊक नव्हते, पण माझ्या तोंडून जे निघाले ते केवळ अज्ञानातून आलेले नव्हते.

एकटेपणा येतो, पहिल्या हिवाळ्यानंतर त्याची सवय होते.

कागदपत्रांचे मात्र मनावर घ्या. तुमचा व्हिसा पतीच्या व्हिसावर अवलंबून असेल आणि त्यावर सरकारी आर्थिक साहाय्य न मिळण्याची अट असेल, त्यामुळे घर सोडावे लागलेल्या बाईला आश्रयगृहाचे दारही सहज उघडत नाही. छळामुळे नाते तुटल्यास नोकरदारांच्या पत्नींनाही तीन महिने सरकारी साहाय्य घेऊन येथे राहण्याची सवलत २०२४ पासून मिळू लागली आहे, पण तेवढ्यात आयुष्य कसे उभे राहणार? आता व्हिसा ऑनलाइन असतो, तेव्हा त्याचे खाते स्वतःच्याच ईमेलवर आणि फोनवर उघडा. माझा नवरा सज्जन आहे. तरीही माझा पासपोर्ट ‘सोयीसाठी’ चार वर्षे त्याच्या कपाटात होता आणि तो मागताना मला संकोच वाटला होता.

तुमची मुलगी किती वर्षांची आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही.