पुण्यात महापालिकेचा उमेदवार कसा पारखावा, आणि निवडून आल्यावर जाब कसा विचारावा?

आधी शपथपत्र वाचा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे त्यात लिहावेच लागतात. माजी नगरसेवक असेल तर मागच्या वेळचं शपथपत्र शेजारी ठेवा, काय वाढलं ते दिसतं.

खरं काम निकालानंतरचं. माहिती अधिकारात अर्ज करून महापालिकेच्या फायली पाहता येतात. ही सोय फार मोलाची आहे, वापराच. गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याची फाईल मागा, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं अभियंता जिच्यात लिहितो ती वही) जाडी आपल्या वहीत उतरवा, मग रस्त्याच्या उघड्या कडेला पट्टी लावून बघा. कमी भरली तर फोटोसह क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते ती मुदत) संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने होते. एकटे जाऊ नका, सोसायटीतले चार जण घेऊन जा.