नदीला पूर उन्हाळ्यात येतो, मग किनारी समुद्र हिवाळ्यात जास्त गढूळ का?

तुम्ही चीनमधल्या यांगत्से नदीबद्दल विचारलंय: पूर मे ते ऑक्टोबरमध्ये, पण उपग्रहाच्या चित्रांत तिच्या दक्षिणेचा किनारा जानेवारीत जास्त तपकिरी का? कारण गाळ समुद्रात येतो एका हंगामात आणि लांबवर जातो दुसऱ्या हंगामात.

पुराचा गाळ आधी मुखापाशीच बसतो. 2 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दोन हजारांश भागांएवढा) सुटा कण संथ पाण्यात दिवसाला जेमतेम 30 सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे 20 मीटरवरचा तळ गाठायला दोन महिने. पण पाणी खारट झालं की हे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. गुठळी सेकंदाला अर्धा मिलिमीटर उतरली, तरी तेच अंतर अकरा-बारा तासांत संपतं. उन्हाळ्यात वरचा कमी खारट पाण्याचा थर दक्षिणेच्या वाऱ्याने ईशान्येकडे, कोरियाच्या जेजू बेटाच्या दिशेने पसरतो खरा, पण तोवर त्यातला बराचसा गाळ खाली गेलेला असतो.

हिवाळ्यात उत्तरेचा वारा जोर धरतो. पाणी वरून थंड होतं, पाण्याचे थर एकमेकांत मिसळतात आणि लाटा तळ ढवळायला लागतात. किती खोलवर, याचा हिशोब सोपा आहे: खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये म्हणजे आवर्तनकाळाचा (लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांचा) वर्ग गुणिले 1.56, आणि लाट जाणवते त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत. 6 सेकंदांची लाट 28 मीटरपर्यंत, 8 सेकंदांची 50 मीटरपर्यंत. त्या टोकाला हालचाल नाममात्र असते, त्यामुळे गाळ उचलला जातो तो त्याहून बऱ्याच उथळ पाण्यात. उन्हाळ्यात बसलेला चिखल अजून घट्ट झालेला नसतो, म्हणून तोच आधी उठतो. मग किनारी प्रवाह त्याला चीनच्या झेजियांग-फुजियान प्रांतांच्या काठाने दक्षिणेला नेतो. वाऱ्यामुळे पाणी किनाऱ्याकडेच रेटलं जातं, म्हणून गाळ खोल समुद्रात फारसा सुटत नाही. अशाने गेल्या सुमारे 7000 वर्षांत तैवानच्या सामुद्रधुनीपर्यंत जवळपास 800 किलोमीटर लांबीचा चिखलाचा पट्टा तयार झालाय.

स्वतः मोजणार असाल तर फक्त उपग्रहावर विसंबू नका. त्याला वरचाच थर दिसतो आणि खरी वाहतूक तळालगत चालते. गढूळपणाचा संवेदक तळापासून अर्ध्या ते एक मीटरवर लावा आणि त्याचं अंशांकन (वाचनाचा प्रत्यक्ष गाळाच्या प्रमाणाशी मेळ) तिथल्याच गाळावर करा, कारण तेवढ्याच वजनाची वाळू बारीक मातीपेक्षा कितीतरी कमी वाचन देते. नमुना गाळताना मिठाने सगळ्यात जास्त घोटाळा होतो. एक मिलिलिटर समुद्राचं पाणी गाळणकागदात राहून सुकलं तर त्यावर सुमारे 35 मिलिग्रॅम मीठ उरतं, आणि कधीकधी लिटरभर पाण्यातला गाळही तेवढाच असतो! कागद ऊर्ध्वपातित पाण्याने निदान तीनदा धुवा, कडेसकट.

गाळ याच वर्षीचा की जुना, हे पाहायला बेरिलियम-7 हे हवेत तयार होणारं किरणोत्सारी मूलद्रव्य उपयोगी पडतं. त्याचं अर्धायुष्य 53 दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं, म्हणून ते सापडलं तर तो गाळ काही महिन्यांतलाच. मात्र ते पावसाबरोबर थेट समुद्रावरही पडतं, तेव्हा एकट्या त्याच्यावर निष्कर्ष काढू नका.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. यांगत्से पूर्वी वर्षाला 47 कोटी टनांच्या आसपास गाळ आणायची. 2003 मध्ये याच नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणात पाणी अडवल्यानंतर बहुतेक वर्षी तो 15 कोटींच्याही आत आलाय. हिवाळी लाटांचा जोर मात्र धरणाने कमी होत नाही. वरून भरपाई घटली की त्या जुनाच तळ खरवडतात, आणि मुखासमोरच्या उथळ भागात ही झीज मोजलीही गेली आहे.