आकाशात इंजिन बंद पडते, तेव्हा जमिनीवर काय सांगितले जाते?

प्रश्न : माझी मुलगी गेल्या महिन्यात ज्या विमानात होती, त्याचे एक इंजिन उड्डाणानंतर थोड्याच वेळात बंद पडले आणि विमान माघारी फिरले. कंपनीने ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच सांगितले, तर वृत्तवाहिनीवर ‘मृत्यूच्या दाढेतून सुटका’ अशी पट्टी तासभर फिरत होती. खरे कोणाचे मानायचे? आणि नेमके काय झाले, हे आम्हांला कधी कळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तो तास आपण घरात कसा काढला असेल, याची कल्पना करता येते. त्या तासात आपल्याला हवे होते ते एक साधे वाक्य, आणि ते ना कंपनीने दिले, ना वाहिनीने.

दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर वर चढू शकते आणि सुखरूप उतरू शकते, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रमाणपत्रच मिळत नाही. उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन गेले तर काय करायचे, याचा सराव वैमानिकांकडून सिम्युलेटरमध्ये वारंवार करून घेतला जातो. त्यामुळे इंजिन बंद पडणे हा गंभीर प्रसंग असला, तरी तेवढ्यावरून ‘मृत्यूच्या दाढे’चा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. इंजिन फुटणे ही मात्र निराळी गोष्ट. पाते तुटले तर ते आतच अडवण्यासाठी पंख्याभोवतीचे कवच भक्कम केलेले असते; पण टर्बाईनची, म्हणजे तप्त वायूच्या झोताने फिरणाऱ्या चक्राची, जड चकतीच फुटली, तर तिचे तुकडे कोणतेही कवच अडवू शकत नाही. बंद पडणे आणि फुटणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि ‘तांत्रिक बिघाड’ हा शब्द दोन्हींवर सारखेच पांघरूण घालतो.

असे फुटणे 4 नोव्हेंबर 2010 रोजी क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या सिंगापूर-सिडनी विमानाच्या वाट्याला आले. हे चार इंजिनांचे एअरबस ए-380 होते आणि त्यात 469 माणसे होती. उड्डाणानंतर काही मिनिटांतच दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनातील चकती फुटली, तुकडे पंख आरपार छेदून गेले आणि काही अवशेष खाली इंडोनेशियाच्या बाताम बेटावर पडले. तिथल्या रहिवाशांनी ते उचलले, त्यांची छायाचित्रे पसरली आणि विमान कोसळल्याची अफवा उठली. त्या वेळी विमान आकाशातच होते, आणि कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी व त्यांचे सहकारी पडद्यावर एकामागून एक येणारे इशारे निस्तरत होते. सुमारे पावणेदोन तासांनी ते सिंगापूरला उतरले. गळणारे इंधन, तापलेले ब्रेक आणि काही केल्या बंद न होणारे एक इंजिन, अशा स्थितीत घसरगुंड्या उघडून प्रवाशांना बाहेर लोटण्याऐवजी त्यांना आत थांबवून नंतर जिन्याने उतरवले गेले. कोणालाही इजा झाली नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. डी क्रेस्पिनी टर्मिनलमध्ये प्रवाशांसमोर उभे राहिले, काय घडले ते त्यांनी समजावून सांगितले आणि स्वतःचा फोन क्रमांकही देऊन ठेवला. कंपनीने त्याच दिवशी आपली सर्व ए-380 विमाने जमिनीवर थांबवली आणि तसे जाहीर केले. इंजिन बनवणारी रोल्स-रॉइस मात्र सुरुवातीचे दिवस फारसे बोललीच नाही, आणि त्या मौनाबद्दल तिच्यावर झालेली टीका मला रास्त वाटते.

माध्यमांचा दोष वेगळा आहे. प्रवाशाने खिडकीतून टिपलेल्या चित्रफितीत इंजिनातून ज्वाळा दिसल्या, की ‘विमानाला आग’ असा मथळा तयार होतो. वास्तविक इंजिनातला हवेचा प्रवाह बिघडला, तरी मोठा आवाज होऊन ज्वाळा बाहेर पडतात. ती आग असेलच असे नाही. तसेच ‘मेडे’ आणि ‘पॅन पॅन’ या वैमानिकाने रेडिओवरून द्यायच्या संकेतांतला भेद. पहिला संकेत जिवावर बेतल्याचा, दुसरा तातडीचा. क्वांटासच्या त्या विमानानेही ‘पॅन पॅन’ दिला होता, आणि जुलै 2025 मध्ये दिल्लीहून गोव्याला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे मुंबईत उतरले तेव्हाही तोच. वार्ताहराने एवढे विचारून घेतले, तरी मथळा निम्म्याने शांत होईल.

आता आपला शेवटचा प्रश्न. क्वांटासच्या घटनेचा प्राथमिक अहवाल ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा तपास संस्थेने महिन्याभरात दिला. अंतिम अहवाल 2013 मध्ये आला. इंजिनात तेल पोहोचवणाऱ्या एका छोट्या नळीची भिंत घडणीतील चुकीमुळे एका बाजूला पातळ राहिली होती; ती तडकली, तेल गळले, आग लागली आणि चकती फुटली, असे त्यातून कळले. आपल्याकडे गंभीर घटनांचा तपास विमान अपघात तपास विभाग करतो आणि त्याचे अहवाल सर्वांसाठी खुले होतात. उड्डाण क्रमांक आणि तारीख देऊन कंपनीला लेखी विचारा, की कोणत्या इंजिनात काय बिघडले, ते बंद पडले की वैमानिकाने बंद केले, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला घटना कळवली आहे का. उत्तर आले नाही, तर त्याच पत्राची प्रत महासंचालनालयाकडे पाठवा.